मामितू गाशे आणि हॉस्पिटलं

रविवार, रात्री उशिरा

परदेशी डॉक्टरांनी कुठल्या देशात काय उभं केलं ते दुपारपासून वाचतेय आणि इथिओपियापाशीच अडकलेय. हॅमलिन नवराबायको, रेजिनाल्ड न्यूझीलंडचे, कॅथरीन ऑस्ट्रेलियाच्या, दोघंही स्त्रीरोगतज्ज्ञ. १९५९ ला अदिस अबाबात तीन वर्षांच्या करारावर आले ते कायमचेच राहिले. बाळंतपण दिवसेंदिवस अडून मूत्राशयाला भोक पडलं, लघवी सारखी गळते म्हणून घरच्यांनी टाकलं, अशा बायकांची ऑपरेशनं त्यांनी केली आणि १९७४ ला फक्त त्यांच्यासाठी हॉस्पिटल काढलं.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती मामितू गाशे. ती हॅमलिनांकडे पेशंट म्हणून आलेली, कोवळी पोर, लिहितावाचता येत नाही. जरा बरं वाटल्यावर वॉर्डात पलंग आवरायला लागली, मग ऑपरेशन थिएटरमध्ये हत्यारं हातात द्यायला लागली, आणि रेजिनाल्डनी तिला ऑपरेशनच शिकवलं. पुढे डिग्रीवाले डॉक्टर तिच्याकडून हे ऑपरेशन शिकून गेले! नंतर २००७ ला सुईणींचं कॉलेजही निघालं, खेड्यातल्या मुली शिकून परत खेड्यातच जातात, म्हणजे ते भोक पडायची वेळच येऊ नये.

याउलट कितीतरी ठिकाणी मदत म्हणजे नुसती मशीनं. स्पेअर पार्ट मिळत नाहीत, व्होल्टेज जुळत नाही, दुरुस्त करणारं कोणी नाही, मग ती कोपऱ्यात धूळ खातात. आणि आठवडाभराची कॅम्पं, टाके काढायच्या आधीच सर्जन विमानात, जखम चिघळली तर पेशंटने जायचं कोणाकडे? मला याचा खरंच राग येतो.

रवांडाने हे बरोबर ओळखलं. १९९४ च्या नरसंहारात डॉक्टर मारले गेले, कितीतरी पळून गेले, हॉस्पिटलं ओस पडली. २०१२ ला त्यांनी अमेरिकन विद्यापीठांतले डॉक्टर बोलावले पण पैसा रवांडाच्या सरकारकडे, आणि आलेल्या प्रत्येकाने एका स्थानिक डॉक्टरबरोबर जोडीने काम करायचं, शिकवायचं. जोड्या जमवणं सोपं नसणारच, पाहुण्याला ना भाषा येते ना तिथली औषधांची टंचाई माहीत, तरी कोणाला बोलवायचं आणि काय शिकवून घ्यायचं हे त्या देशानेच ठरवलं, हे मला फार पटलं.