तुम्ही विचारलंत म्हणून: सिगारेट सोडल्यावर तिसरा दिवस कसा काढायचा?

"पहिले दोन दिवस निभावतात, तिसऱ्या दिवशी सगळं फिसकटतं. असं का होतं?" सिगारेट किंवा बिडी सोडू पाहणारे, आणि त्यांच्या घरची माणसं, हे सारखं विचारतात.

रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. दोन-तीन दिवसांत ते जवळजवळ संपतं आणि नेमका तेव्हाच त्रास शिगेला पोचतो: चिडचिड, डोकं जड, कामात लक्ष लागत नाही, झोप उडते, भूक वाढते. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत हे ओसरत जातं. तिसऱ्या दिवशी माणूस मोडला की घरचे म्हणतात, निश्चय कमी पडला. मला ते पटत नाही. बहुतेक जण ज्या गोष्टींपायी मोडतात त्या अगदी साध्या असतात आणि त्यांची तयारी आधी करता येते. त्यांपैकी तीन सांगते, कारण त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पहिली गोष्ट चहा. धुरातल्या डांबरी द्रव्यांमुळे यकृतातलं एक एन्झाइम (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) जोरात काम करतं आणि चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर निकालात काढतं. धूर थांबला की काही दिवसांत त्या एन्झाइमचा वेग उतरतो. चहा तेवढाच राहतो, पण कॅफिन रक्तात जास्त आणि जास्त वेळ राहतं. मग छातीत धडधड, हाताला कंप, रात्री टक्क जाग. हे सगळं सिगारेट सोडल्यामुळे होतंय असं वाटतं आणि माणूस ती पुन्हा पेटवतो. म्हणून सोडायच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. सहा कप होत असतील तर तीन, आणि दुपारी चारनंतर नको. एकदम बंदही करू नका, त्याने वेगळी डोकेदुखी सुरू होते. टपरीवरचा चहा मात्र पहिले पंधरा दिवस पूर्ण टाळा. तिथे चहाच्या जोडीला सिगारेट हाताशी असते. सुट्ट्या सिगारेट-बिडी विकायला महाराष्ट्रात २०२० मध्ये बंदी आली, तरी "एकच दे" म्हटलं की एकच मिळते.

याच एन्झाइमचा वेग उतरल्यामुळे काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढतं. मानसिक आजारासाठी ओलान्झापिन, क्लोझापिन किंवा दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल, तर सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी.

दुसरी गोष्ट पोट. "सकाळी ओढल्याशिवाय साफ होत नाही" हे लोक लाजत सांगतात, पण ते खरं आहे. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं. ते बंद झालं की बद्धकोष्ठ होतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पोट फुगलेला माणूस फक्त त्यासाठी बिडी पेटवतो. उपाय पहिल्या रात्रीपासूनच हवा, त्रास सुरू झाल्यावर नाही. झोपताना एक-दोन चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात घालून लगेच प्या. पाणी कमी पडलं तर त्यानेच पोट आणखी धरतं. सकाळी गरम पाणी पिऊन, जोर न करता, ठरलेल्या वेळेला बसायचं. जेवणात पालेभाजी, पपई, भाकरी ठेवा. काही आठवड्यांत आतडी सवयीला लागतात.

तिसरी गोष्ट निकोटीनचा गम, म्हणजे सिगारेटऐवजी थोडं निकोटीन देऊन तलफ भागवणारा औषधी च्युइंगम, आणि इथे सगळ्यात जास्त चुका होतात. २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. लोक तो साध्या च्युइंगमसारखा चावतात. त्यामुळे निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, तिथून फारसं कामी येत नाही, उलट उचक्या, मळमळ आणि जळजळ होते. मग "मला सोसत नाही" म्हणून पाकीट कपाटात जातं. गममधलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. म्हणून हळूहळू दहा-पंधरा वेळा चावा. तिखट चव आली किंवा झिणझिणलं की थांबा आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा थोडा चावा, दुसऱ्या बाजूला ठेवा. एक गम असा अर्धा तास चालतो. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, सोडा काही नको. आंबट-आम्लयुक्त पेयांमुळे निकोटीन शोषलं जात नाही.

दुसरी चूक म्हणजे काटकसर. दिवसाला दोन-तीन गम घेऊन भागत नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे जागेपणी आठ-दहा तरी लागतात. चोवीसच्या वर जाऊ नये. तलफ भडकायची वाट न पाहता वेळेवर घ्या, कारण गमचा परिणाम यायला थोडा वेळ लागतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर २ मिलिग्रॅम अपुरा पडण्याची शक्यता मोठी. ४ मिलिग्रॅमचा गम किंवा जोडीला पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी), हे डॉक्टरांना विचारून ठरवा. गरोदर असाल, किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर गमसुद्धा विचारल्याशिवाय नको.

एक तलफ काही मिनिटंच टिकते. तेवढ्यात जागा बदला, गार पाणी प्या, जिना उतरून चढा. तोंडात बडीशेप, लवंग, धनाडाळ चालेल. सुपारी अजिबात नको. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा तोंडाच्या कर्करोगाला कारण होते, आणि सिगारेट सोडून सुपारीला किंवा मशेरीला लागणारे आपल्याकडे कमी नाहीत. या काळात तोंड येतं, खोकलाही थोडा वाढतो. थुंकीत रक्त दिसलं किंवा खोकला महिन्याच्या पुढे गेला तर मात्र दाखवून घ्या. मन फारच खचलं, जगू नये असं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरच्यांनी पहिला आठवडा हिशेब मागू नये. "आज किती झाल्या?" या प्रश्नाने भांडण होतं आणि भांडणानंतर पाय टपरीकडे वळतो. बोलायला माणूस हवं असेल तर १८००-११-२३५६ या तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी फोन-मदतसेवेवर (क्विटलाइन) समुपदेशन मोफत मिळतं.

एखादी ओढली गेलीच, तर उरलेलं पाकीट पाण्यात भिजवून फेका आणि गम त्याच वेळापत्रकाने चालू ठेवा. दिवस पहिल्यापासून मोजायची गरज नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात बरं वाटायला लागलं म्हणून गम बंद करू नका. सहा आठवड्यांनंतर तो दर दोन ते चार तासांनी, दहाव्या आठवड्यापासून चार ते आठ तासांनी घ्यायचा, आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी थांबवायचा.