तुम्ही विचारलंत म्हणून: एवढंसं सैन्य पुरतं कसं?

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मी सामान्य ज्ञान शिकवतो. पहाटे टेंबलाईच्या टेकडीवर पळून आलेली पोरं घाम पुसत वर्गात बसतात आणि दर तुकडीतला कुणीतरी विचारतोच, "सर, फिनलंडची आर्मी ती केवढी! रशिया आला तर चार दिवस तरी टिकंल का?" आता पोरांचे वडीलही वाटेत थांबवून हेच विचारतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९७१ साली मी नऊ वर्षांचा होतो. दिवाळी नुकतीच झालेली, आमचं गुऱ्हाळ सुरू होतं. चुलते काहिलीवरची मळी काढत होते. सैन्यातली नोकरी संपवून ते घरी आले होते, पण त्या काळी जवानाला पुढची काही वर्षं राखीव म्हणून नाव ठेवावं लागे. पोस्टमन बांधावरून हाका मारत आला. चुलत्यांनी धोतराला हात पुसले, कागद वाचला, झारा गुळव्याच्या हातात दिला आणि घराकडे चालू लागले. आजीनं माळ्यावरची लोखंडी ट्रंक काढली. बूट तेल लावून ठेवलेले होते, नुसते पुसायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टेशनवर होते. गावच्या कुठल्याही हजेरीत तोवर ते शेतकरी म्हणूनच मोजले जात.

फिनलंडचं उत्तर मला या प्रसंगात सापडतं. त्या देशाची लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास आणि रशियाशी सीमा सुमारे १,३४० किलोमीटर. संरक्षण दलात पगारी माणसं साधारण १२ हजार, त्यातही बरीच नागरी कर्मचारी. एवढंच पाहिलं तर पोरांची शंका रास्त वाटते. पण तिथं पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे, स्त्रिया स्वेच्छेनं येतात. कामाप्रमाणे १६५, २५५ किंवा ३४७ दिवस शिकायचं आणि घरी जायचं. घरी जाताना नाव राखीव दलात जातं. अधूनमधून सरावाला बोलावणं येतं. सुतार, शिक्षक, ट्रकचालक आपापलं काम सोडून हजर होतात. युद्धाची वेळ आली तर २ लाख ८० हजारांची फौज उभी करायची त्यांची तयारी आहे. त्यामागे एकूण राखीव माणसं ८ लाख ७० हजारांच्या घरात. हे उगाच केलेलं नाही. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा चालून आल्या, ते हिवाळी युद्ध साडेतीन महिने चाललं. मुलूख गमवावा लागला, पण देश राहिला. ती आठवण तिथल्या घराघरांत आहे.

आता आयर्लंड पाहा. कोल्हापूर जिल्ह्याला अर्धा सांगली जिल्हा जोडा, साधारण तेवढी माणसं. म्हणजे फिनलंडच्या जवळपासच. तरी लष्कर, नौदल, हवाई दल मिळून साडेसात हजारांच्या आसपास, आणि राखीव दल त्याहून बरंच लहान. सक्ती नाही. देश लष्करी गटांबाहेर राहिलेला, त्यामुळे त्या जवानांचं मोठं काम परदेशात असतं. १९५८ पासून ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जातात, १९७८ पासून लेबनॉनमध्ये त्यांनी कितीतरी तुकड्या पाठवल्या आणि तिथं त्यांचे जवान मेलेही. सैन्य किती लागतं हे शेजार ठरवतो आणि काम काय सोपवलंय ते ठरवतं. लोकसंख्येचा भागाकार करून तो आकडा निघत नाही. मी पोरांना दोन्ही देश एकाच फळ्यावर लिहायला लावतो ते एवढ्यासाठीच.

आपल्याकडे प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी किंवा टीए, ९ ऑक्टोबर १९४९ ला सुरू झाली. नोकरी-धंदा सांभाळून वर्षातून ठरावीक काळ प्रशिक्षणाला जायचं आणि हाक आली की निघायचं. मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ टीए बटालियन तर आपल्या कोल्हापुरातच आहे. तरी "टीए म्हणजे अर्धे फौजी" असं कुणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही लढायांत टीएच्या तुकड्या कामावर होत्या. गोळीला समोरच्याची पगाराची पावती दिसत नाही. राखीव या शब्दाला आपण उरलासुरला असा वास लावलाय. बियाणं आपण वेगळं काढून ठेवतो, ते काही उरलेलं म्हणून नव्हे.

चुलते पुढच्या वर्षी परत आले आणि गुऱ्हाळाच्या हंगामात पुन्हा काहिलीपाशी उभे राहिले. ट्रंक मात्र तशीच भरलेली होती, बूट दर महिन्याला उन्हात निघायचे. राखीव मुदत संपल्याचा कागद आला, तेव्हा कुठं आजीनं त्या ट्रंकेत गोधड्या भरल्या.