फ्रीझ केलेल्या डीफॉल्ट्सनी खाल्लेला माझा वीकेंड

जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट (नावं आणि त्यांच्या किमती एकत्र ठेवणारा गठ्ठा) तयार करतानाच आतल्या प्रॉपर्टीज, म्हणजे ती नावं-किमती, भरायच्या, यात अवघड ते काय? कर्ली ब्रॅकेटमध्ये कर्ली ब्रॅकेट, झालं. माझंही मत हेच होतं.

आधी रिकामा ऑब्जेक्ट घेऊन थेट सेटिंग्ज.साउंड.व्हॉल्यूमला ५ द्यायला गेले, तर टाइपएरर. साहजिकच, साउंडचाच पत्ता नव्हता. मग प्रश्नचिन्ह-डॉट (?., आधीचं काही नसेल तर एरर न देता थांबणारं) लावून पाहिलं, तर सिंटॅक्सएरर. ते वाचताना चालतं, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नाही. हे दहा मिनिटांत निस्तरलं.

पुढे मात्र पार रुतले. प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःच्या सेटिंग्ज हव्या होत्या, म्हणून डीफॉल्ट्सचा, म्हणजे काही न निवडल्यास लागू होणाऱ्या सेटिंग्जचा, एक ऑब्जेक्ट केला आणि तीन टिंबं (...) देऊन तो प्रत्येक नव्या ऑब्जेक्टमध्ये पसरला. पहिल्या वापरकर्त्याचा व्हॉल्यूम ० केला आणि सगळेच मुके झाले!

डीफॉल्ट्सवर माझा संशयच गेला नाही, कारण कोणी बदलू नये म्हणून त्यांना मी ऑब्जेक्ट.फ्रीझ लावून गोठवून ठेवलं होतं. आपण किती काळजीपूर्वक लिहितो, म्हणून स्वतःवर खूशही होते. त्यात कन्सोलने आणखी चकवलं. बदल करणाऱ्या ओळीच्या आधी कन्सोल.लॉग टाकला, बाण दाबून ऑब्जेक्ट उघडला, तर तिथे आधीच ०! म्हणजे कोणीतरी त्याहून आधी बदलतंय, असं धरून मी वरचा सगळा कोड उपसला. शनिवार त्यातच गेला. बाण दाबल्यावर कन्सोल त्या क्षणाची किंमत दाखवतो, लॉग केला तेव्हाची नाही, हे रविवारी दुपारी कळलं. तेव्हा लॉग करायचाच तर व्हॉल्यूमचा नुसता आकडा करा, अख्खा ऑब्जेक्ट नको.

शेवटी वैतागून एक ओळ लिहिली: पहिल्याचा साउंड आणि दुसऱ्याचा साउंड, मध्ये तीनदा बरोबर (===), म्हणजे दोन्ही एकच आहेत का हा प्रश्न. उत्तर आलं ट्रू. दोघांकडे एकच साउंड! तीन टिंबं फक्त वरच्या थराची नक्कल करतात, आतल्या ऑब्जेक्टचा नुसता संदर्भ, म्हणजे पत्ता, पुढे जातो. एका ऑब्जेक्टमधलं दुसऱ्यात ओतणाऱ्या ऑब्जेक्ट.असाइनचंही तेच. आणि माझं लाडकं फ्रीझ? तेही वरच्या थरापुरतंच.

मग आतल्या थरांसकट नक्कल करणारं स्ट्रक्चर्डक्लोन वापरून पाहिलं. एरवी ते छान आहे, पण माझ्या डीफॉल्ट्समध्ये एक फंक्शन होतं आणि फंक्शन दिसलं की ते एरर फेकतं. जेसनमधून फिरवून आणायची, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर करून पुन्हा ऑब्जेक्ट बनवायची, जुनी युक्ती तर त्याहून वाईट: फंक्शन गुपचूप गायब, तारखेची स्ट्रिंग. अखेर डीफॉल्ट्सचं एक फंक्शनच केलं, जे दर वेळी नवा ऑब्जेक्ट लिहून परत देतं. चार ओळींचं काम.

हो, वापरकर्त्याने फक्त म्यूट पाठवलं असेल, तर डीफॉल्ट्सच्या वर त्याचं पसरताना अख्खा साउंड बदलतो आणि व्हॉल्यूम उडतो. म्हणून साउंडच्या आतही पुन्हा पसरावं लागतं, आधी डीफॉल्ट, मग त्याचं. आणि सुरुवातीच्या त्या टाइपएररसाठी दोन प्रश्नचिन्हं-बरोबर (??=) आहे, २०२१ च्या एक्मास्क्रिप्टपासून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणापासून: साउंड नसेल तरच रिकामा ऑब्जेक्ट ठेवतं, असेल तर हात लावत नाही.

ती तीनदा बरोबरची ओळ मी काढलेली नाही, टेस्टमध्ये हलवली आहे. आता तिथे फॉल्स आला तरच पुढे जाते.