नवीन महाबळेश्वर करताय ना, मग आधी वरचा डोंगर बघा

नवीन महाबळेश्वरबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यातली २३५ गावं घेऊन एमएसआरडीसी, म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ, नवं गिरिस्थान करणार, २०२४ मध्ये त्याचा प्रारूप आराखडाही आला, पण आमच्याकडे बोलणं चालतं ते फक्त गुंठ्याला काय भाव आणि कोणी कोणाला विकलं याचंच. मला विकास नको असं अजिबात नाही, मामाच्या गावातली निम्मी पोरं मुंबईत माथाडीचं काम करतात, त्यांना घरी राहून चार पैसे मिळाले तर मला आनंदच आहे. पण ही जागा कसली आहे हे तर आधी बघाल की नाही?

२०२१ चा जुलै आठवा. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस पडला, आंबेनळी घाट तर ठिकठिकाणी तुटला, आणि त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. पलीकडे महाडात तळीये गेलं, ८० च्या वर माणसं. मदत पोचायला उशीर झाला कारण जायला रस्तेच उरले नव्हते. नवीन गिरिस्थानाचा नकाशा काढताय तो याच डोंगररांगेत, आणि त्यात कोयनेचा पट्टा म्हणजे भूकंपाचाही, १९६७ आमच्याकडचे म्हातारे अजून विसरलेले नाहीत.

आपल्या डोंगराचं असं आहे की वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट माथा, तो पाणी पितो, खाली चिकण मातीचा थर लागला की पाणी तिथे अडतं आणि उताराच्या मधेच झरा होऊन बाहेर येतं. गावं वसली ती या झऱ्यांच्या आधारानेच. आता तिथेच जेसीबी लावून डोंगराचा पाय कापायचा, सपाटी करून रिसॉर्ट उभं करायचं, निघालेली माती खालच्या ओढ्यात ढकलून द्यायची, म्हणजे वरच्या मातीला आधार नाही आणि खालच्या पाण्याला वाट नाही. मामी सांगते, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा धो धो पावसात बंदच पडलं की घरात थांबायचं नाही. पुण्यामुंबईहून आलेल्या पाहुण्याला हे कोण सांगणार?

नियम नाहीत असं नाही. १:५ पेक्षा जास्त, म्हणजे पाच फुटांत एक फुटापेक्षा जास्त चढ असलेल्या उतारावर बांधकाम नको हा नियम आपल्याकडे आहेच, महाबळेश्वर-पाचगणी तर २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे. पण उताराचा नियम तुमच्या प्लॉटचा उतार बघतो, प्लॉटच्या वर काय टांगलंय ते बघत नाही, आणि पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर २०१४ ला जी दरड आली ती वरून आली. सपाट जागेवरचं घर सुरक्षित हा समज मला सगळ्यात धोकादायक वाटतो.

बरं, दरडप्रवण गावांची यादी म्हणाल तर २०२३ मध्ये रायगडातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली तेव्हा ती यादीत नव्हती हे सरकारनेच सांगितलं. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने देशभर दरडींचे नकाशे केलेत आणि ते काम मोलाचं आहे, पण ते १:५०,००० चे आहेत, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, आपली अख्खी वाडी त्यात एका टिंबात बसते. त्यावरून हॉटेलला परवानगी द्यायची का नाही हे कसं ठरवणार, त्यासाठी प्रत्येक उतार पायी फिरूनच बघायला लागतो.

आणि पावसाळ्याचं काय? पूर्वी महाबळेश्वरचे बंगलेवाले पाऊस लागायच्या आत खाली उतरायचे, राहणारे लोक घरांना गवताच्या झड्या बांधून आत बसायचे. आता लोक मुद्दाम पाऊस बघायलाच येतात, म्हणजे डोंगर सगळ्यात कच्चा असतो तेव्हाच त्याच्यावर गर्दी जास्त. पाहुणा रविवारी निघून जाईल हो, पण हॉटेलच्या मागे पत्र्याच्या खोलीत राहणारा वेटर, आचारी, वॉचमन, त्यांना कुठे हलवणार, ते कोणाच्या मोजणीत तरी आहेत का?

न ऐकल्याने काय होतं ते उत्तराखंडात बघा. तिथलं जोशीमठ भुरभुरीत जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलंय, तिथे जड बांधकाम करू नका, असं सरकारनेच नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितलं होतं. २०२३ च्या जानेवारीत घरांना भेगा पडल्या, लोकांना घरं सोडायला लागली, तोपर्यंत गावात हॉटेलं उभी राहून गेली होती.

म्हणून आमच्या ग्रामसभेत मी हेच मांडणार आहे. आधी प्रत्येक वाडीच्या वरच्या उताराची पाहणी आणि तिचा अहवाल मराठीत, गावात चावडीवर लावलेला. झरे आणि ओढे यांच्या दोन्ही बाजूंना बांधकाम बंद. हवामान खातं आता घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं ते चांगलंच आहे, पण एका खोऱ्यात ढग फुटतो आणि शेजारच्या खोऱ्यात रिमझिम असते, म्हणून गावागावात पर्जन्यमापक हवा आणि किती मिलिमीटरला वाडी रिकामी करायची हे आधीच ठरलेलं हवं. आणि जिथून बाहेर पडायला एकच रस्ता आहे तिथे दुसरा होईपर्यंत एकाही नव्या खोलीला परवानगी नको. तुमचं गाव त्या २३५ मध्ये असेल तर तुम्हीही विचारा, लेखी विचारा.