विकत आणलेली घाणेरी

दुपारी वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेले, तर कोपऱ्यातल्या कुंडीवर एक बुलबुल बसलेला. मला बघून उडालासुद्धा नाही. मान तिरकी करून जरा न्याहाळलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. घोसातले काळे मणी तेवढे निवडून टिपत होता. हिरव्यांकडे ढुंकून बघत नव्हता. आम्हालाही लहानपणी एवढंच शिकवलं होतं. काळी खायची, हिरवी खाल्ली तर पोटात दुखतं.

कुंडीत घाणेरी आहे. हो, तीच. बांधावरची, एसटीच्या खिडकीतून मैलोन्‌मैल दिसणारी. आणि ती आपोआप उगवलेली नाही, १२० रुपये मोजून आणलेली आहे.

नर्सरीत पाटीवर 'लँटाना' लिहिलेलं होतं. त्यामुळे मला कळलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी पान चुरगाळून बघितलं होतं. तो वास आला आणि मी थेट इयत्ता चौथीत. तरी पाकीट उघडलं. नर्सरीवाला म्हणाला, "हायब्रीड आहे ताई, याला बी धरत नाही." त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला मी किती उत्सुक होते, ते मलाच ठाऊक.

आई गावाहून आली तेव्हा तिने हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"ही घाणेरी इथं कुणी आणली?"

"मी."

"कुठून?"

"विकत."

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "केवढ्याला?"

"ऐंशी." आईला कुठल्याही वस्तूची खरी किंमत सांगायची नसते, ही सवय लग्नानंतर लागली ती लागलीच.

"तुझ्या नानांनी ऐकलं असतं म्हणजे..." एवढंच बोलून ती पाय धुवायला गेली.

नाना दर वर्षी मे महिन्यात घाणेरी काढायचे. पाऊस यायच्या आत बांध मोकळा झाला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. कोयत्याने वरवर छाटलेलं त्यांना चालायचं नाही. मूळ राहिलं की पहिल्या सरीत दुपटीने फुटते म्हणायचे आणि टिकाव घालायचे. संध्याकाळी दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडलेले. त्या काट्यांचे ओरखडे फार खोल नसतात, पण घाम लागला की चुरचुरतात. आई हळद-तेल घेऊन बसायची आणि नाना "राहू दे गं" म्हणत हात पुढे करायचे.

आम्ही बहिणी मागच्या ढिगावर. गुच्छातलं एकेक फूल ओढायचं, मागचं टोक चोखायचं, गोडाचा एक थेंब मिळाला तर मिळाला. मग एका फुलाच्या नळीत दुसऱ्या फुलाचं टोक खोचत जायचं. सुई नको, दोरा नको. दहा-बारा फुलांची अंगठी व्हायची, वीस-पंचवीस जमली तर बांगडी. ती घालून घरी पोचेपर्यंत कधीच टिकली नाही. बोटं मात्र जांभळी, आणि हातांना तो वास. जेवायच्या आधी साबण लावूनही भाताला वास यायचा.

नानांचा राग मला उगाचचा वाटायचा. एवढी फुलं येणाऱ्या झाडावर कसला दावा? मग एका दुष्काळी वर्षी आमच्या चांदीने माळावर दुसरं काही नव्हतं म्हणून घाणेरीचा पाला खाल्ला. एरवी जनावरं तोंड लावत नाहीत. दोन दिवसांत तिचे डोळे पिवळे पडले, नाकाडाची कातडी भाजल्यासारखी सोलून निघाली. डॉक्टर म्हणाले, विष लिव्हरवर जातं आणि मग अंगाला ऊन सोसत नाही. नानांनी गोठ्याच्या फटींना पोती लावली आणि आत अंधारात तिच्यापाशी बसून राहिले. चांदी वाचली. पण त्यानंतर नाना दुसऱ्यांच्या बांधावरचीही घाणेरी उपटायला लागले, आणि त्यावरून दोन घरांशी बोलणं बंद झालं ते वेगळंच.

ही बया मुळात अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेसाठी म्हणून कोलकात्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आणली. म्हणजे माझ्याआधी दोनशे वर्षं कुणीतरी हेच केलेलं आहे, आणि त्यालाही रंगच आवडले असणार. फ्रिट्झ म्युलर नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने १८७७ मध्ये ब्राझीलमधून लिहून ठेवलंय की तिथल्या घाणेरीचं फूल पहिल्या दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी नारिंगी, तिसऱ्या दिवशी जांभळं, आणि जांभळ्यावर फुलपाखरं बसत नाहीत. माझ्या कुंडीतली पिवळ्याची गुलाबी होते. एका सुट्टीच्या दिवशी खुर्ची टाकून मी नीट बघितलं. नीलवंत आला होता, आपलं राज्य फुलपाखरू. पंख फडफडवत मधल्या पिवळ्या फुलांतच सोंड घालत होता. कडेच्या गुलाबी म्हाताऱ्यांना वळसा. चहा गार झाला.

आईला पटवावं म्हणून मी तिला हत्ती दाखवले. नीलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या फांद्यांचे खऱ्या हत्तींएवढे हत्ती केले. २०२१ साली ते लंडनच्या बागांमध्ये उभे होते. फोटोतली पिल्लं तर फार गोड. आईने चष्मा लावून सगळे बघितले.

"आपल्याकडं अजून दोन कळप निघतील," ती म्हणाली. "कोण नेतंय का विचार."

तर बी धरत नाही म्हणणाऱ्या झाडाला यंदा घोसच्या घोस आले. मागे टेकडी आहे. तिथे काही मंडळी दर रविवारी सकाळी घाणेरी उपटायला जातात. हातमोजे घातलेले त्यांचे फोटो मला व्हॉट्सॲपवर येतात आणि मी अंगठा दाखवते. नंतर गच्चीत जाऊन नखं कापायच्या कात्रीने हिरवे घोस कापते. सगळे कापते असं नाही. पानांमागे एखादा राहतो. राहतो म्हणजे, राहू देते.

आईचा दर आठवड्याला फोन. "काढलीस का?"

"काढते."

आज बुलबुल उडाला तो टेकडीकडेच गेला. कपडे खांद्यावर टाकून वळले, तर कढीपत्त्याच्या कुंडीत, खोडाच्या मागे, वीतभर उंचीचं काहीतरी. खरखरीत पान, चौकोनी काडी. चुरगाळून बघायची गरज नव्हती. एका हाताने ओढलं.

वरचं तेवढं हातात आलं.