एका बाणाचे तीन बाइट

यंत्राची सेटिंग सिरीयल केबलवरून बदलायचा आमचा एक टर्मिनल प्रोग्रॅम आहे, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या पडद्यावर कळांनी चालणारा. तक्रार आली, की वरचा बाण दाबल्यावर कधीकधी फॉर्मच मिटतो आणि भरलेलं सगळं जातं. माझ्या लॅपटॉपवर हे एकदाही घडेना. ऑपरेटरने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली: "साहेब, फॉर्म गेला की मागच्या पानावर नावाच्या रकान्यात चौकटी कंस आणि कॅपिटल ए आपोआप उमटतं."

ते ऐकलं आणि केबलवरचा माझा संशय फिटला. टर्मिनलमधल्या प्रोग्रॅमला कळा दिसतच नाहीत, बाइट दिसतात. वरच्या बाणासाठी, 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलपासून चालत आलेल्या पद्धतीने, 27, 91, 65 असे तीन बाइट येतात: एस्केप, चौकटी कंस, ए. नुसती एस्केप दाबली तरी 27 च येतो. आणि आमच्या फॉर्ममध्ये एस्केप म्हणजे 'रद्द'.

खात्री करायला छोटा प्रोग्रॅम लिहिला. एरवी एंटर दाबेपर्यंत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पूर्ण ओळ स्वतःकडे धरून ठेवतो. म्हणून ही पद्धत, म्हणजे कॅनॉनिकल मोड, आणि टाइप केलेलं आपोआप पडद्यावर दाखवणारा एको बंद केला, आणि वाचलेला प्रत्येक बाइट वेळेसकट छापला. (बाहेर पडताना जुनी सेटिंग परत ठेवायलाच हवी, नाहीतर शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये, पुढे काय गडबड होईल सांगता येत नाही.) लॅपटॉपवर तिन्ही बाइट एका वाचनात आले. सिरीयलवर वेग सेकंदाला 9600 बिट. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका बाइटला दहा बिट, म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. तिथे कधी तिन्ही एकत्र येत, तर कधी पहिल्या वाचनात एकटा 27. तो एकटा दिसला की आमचा कोड लगेच फॉर्म मिटवत होता, आणि मागून येणारे दोन बाइट आधीच्या पानावर जाऊन पडत होते.

आता 27 आला की 50 मिलिसेकंद थांबतो: तेवढ्यात पुढचे बाइट आले तर बाण, नाहीतर एस्केप. टर्मिनलच्या सेटिंगमधला व्हीटाइम सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतो, त्यापेक्षा बारीक वेळ हवी म्हणून पोल वापरला, ज्यात किती मिलिसेकंद वाट बघायची ते सांगता येतं. एनकर्सेस ही टर्मिनल प्रोग्रॅमसाठीची तयार लायब्ररी मुळात 1000 मिलिसेकंद थांबते. माझ्या मते ते फार झालं. एस्केप दाबून माणसाने सेकंदभर पडद्याकडे बघत का राहावं?

नवी आवृत्ती टाकून ऑपरेटरला बाण दाबून धरायला सांगितला. यादी सरकत राहिली, फॉर्म जागेवर.

मग त्यांनी यंत्राचं नाव मराठीत टाइप केलं आणि मधलं एक अक्षर फुटलं. दुखणं तेच, एका अक्षराचे बाइट दोन वाचनांत विभागले गेले होते; उपाय मात्र सोपा. यूटीएफ-8 या अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत 'क' म्हणजे 224, 164, 149. 27 नंतर काही येणार का, हे त्या बाइटवरून कळत नाही. 224 मात्र स्वतःच सांगतो की अजून दोन यायचे आहेत. इथे घड्याळ लावायची गरजच नाही, अपुरे बाइट पुढच्या वाचनापर्यंत जपून ठेवले की झालं.

खोडण्याचं काम अजून बाकी आहे. 'क्षि' मध्ये चार संकेत (क, हलन्त, ष, वेलांटी) आणि बारा बाइट आहेत. बॅकस्पेस एकदा दाबल्यावर आधी फक्त वेलांटी जावी, असं माझं मत आहे. टाइप करणाऱ्याची चूक बहुतेक वेळा शेवटच्या कळेचीच असते.