तुम्ही विचारलंत म्हणून : अठरा हजारांची ट्रॉली

लग्नात, मुंजीत, आणि हल्ली रात्री साडेदहाला येणाऱ्या फोनवरही एकच प्रश्न असतो. "दादा, इंजिनिअरिंगमधून बाहेर पडून एमबीएला अर्ज करायचाय. प्रोफाइल स्ट्राँग कसं करू? कुठला कोर्स करू?" मागच्या आठवड्यात माझ्या जुन्या कंपनीतल्या एका पोराने हेच विचारलं. चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, चार वर्षं झालीत. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितो, कारण दर वेळी मी अर्ध्यातच भरकटतो.

मी पुण्यातून मेकॅनिकल केलं. एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, दोनदा केटी लागली होती, म्हणजे नापास. मग सहा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात, आधी मेंटेनन्स आणि मग प्रॉडक्शन. एक वर्षाच्या एमबीएसाठी दोनदा अर्ज केला. पहिल्या वर्षी तीन ठिकाणी केला, तिन्हीकडून नकार आला आणि मुलाखतीचं बोलावणंही आलं नाही.

तो पहिला अर्ज अजून माझ्याकडे आहे. अधूनमधून उघडतो आणि लाजतो. त्यात सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट (दर्जा सुधारण्याच्या पद्धतीचं सर्टिफिकेट) आहे, डिजिटल मार्केटिंगचं ऑनलाइन सर्टिफिकेट आहे (जाहिरातीशी माझा संबंध गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुरता), फायनान्सचा दहा तासांचा कोर्स आहे. अर्जाच्या आधी चार महिने घाईघाईने धरलेली एक स्वयंसेवी संस्थासुद्धा आहे, तिथे मी एकूण पाच रविवार गेलो होतो. आणि प्रत्येक वाक्यात मी कशाचं तरी 'नेतृत्व' करतोय. २७ वर्षांच्या प्रॉडक्शन इंजिनिअरने इतकं नेतृत्व केलं असतं तर कंपनी कधीच बंद पडली असती!

आपण इंजिनिअर, त्यामुळे भार वाढला की प्लेट जाड करायची हा संस्कार. अर्ज कच्चा वाटला की आपण त्यावर सर्टिफिकेटं वेल्ड करत सुटतो. पण वाचणाऱ्यापुढे आपल्यासारखे गठ्ठ्याने असतात. भारतातल्या बिझनेस स्कूलांत इंजिनिअरांची इतकी गर्दी आहे की कित्येक आयआयएम निवडीत इंजिनिअर नसलेल्यांना वेगळे गुण देतात. गणित बरं असणं ही इथे कौतुकाची गोष्ट नाहीच, ती सगळ्यांचीच असते.

दुसऱ्या वर्षी मी नवीन काहीच केलं नाही. जुनंच नीट पाहिलं.

आमच्याकडे २५० टनांची एक प्रेस होती. तिच्यावर नऊ पार्ट चालायचे आणि पार्ट बदलला की डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलावी लागायची. त्यात पावणेदोन-दोन तास जायचे. यातला निम्मा वेळ डाय चढवण्यात नव्हे, शोधाशोधीत जायचा. या डायला आखूड बोल्ट, त्या डायला लांब, क्लॅम्प दुसऱ्या प्रेसवाल्याने पळवलेला, पाना कुणाच्या तरी लॉकरमध्ये. आमचे एक सेटर (डाय चढवणारे) होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एकदा रात्रपाळीला ते म्हणाले, "साहेब, नर्स डॉक्टरच्या हातात कात्री देते ना, तसं पाहिजे बघा. सगळं आधीच मांडून." यातून निघाली ट्रॉली. प्रत्येक डायचे क्लॅम्प, बोल्ट, पाने ठरलेल्या खाचांत, आधीची बॅच संपायच्या आत प्रेसपाशी उभी. शिवाय सगळ्या डायना खालून पट्ट्या लावून उंची सारखी केली, म्हणजे बोल्ट एकाच लांबीचे झाले. डाय चेंज ३५ मिनिटांवर आलं.

पहिल्या अर्जात मी यावर एकच ओळ लिहिली होती : 'प्रेस शॉपमध्ये स्मेड यशस्वीपणे राबवलं.' कारखान्यातल्या माणसाला स्मेड कळतं. जपानच्या शिगेओ शिंगोंची ही पद्धत, डाय बदलायचा वेळ दहा मिनिटांच्या आत आणायची. अर्ज वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? आणि खरं तर, मला तरी त्याचा पुढचा अर्थ कुठे कळला होता?

तो कळला अकाउंट्समध्ये. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना मी सहज विचारलं, की आमच्या या ट्रॉलीने कंपनीला काय मिळालं हो? त्यांनी उलट विचारलं, "आधी माल किती दिवसांचा पडून असायचा?" नऊ दिवसांचा. डाय बदलायला दोन तास लागतात म्हटल्यावर कोण सारखी बदलेल? एकदा चढवली की हजारोंनी पार्ट काढून बिनमध्ये भरून ठेवायचे. आता बदलणं सोपं झालं, बॅच लहान झाल्या आणि साठा चार दिवसांवर आला. मॅडमनी कॅल्क्युलेटर ओढला. एक ब्रॅकेट ६० रुपयांना पडतो, रोज १,२०० लागतात, पाच दिवसांचे सहा हजार नग, म्हणजे ३ लाख ६० हजार. हा झाला एक पार्ट. नऊ पार्टांचे मिळून २२ लाखांच्या आसपास. "हे पैसे आपण बँकेकडून सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जावर, उचललेले असतात," त्या म्हणाल्या. "दहा टक्क्यांनी धरा, वर्षाला दोन लाखांच्या वर व्याज वाचलं. आणि तुमची ट्रॉली कितीची?"

१८ हजारांची.

मला एमबीए का करायचंय हे त्या टेबलापाशी कळलं. त्याआधी मी 'मला व्यवसायाची समग्र दृष्टी हवी आहे' वगैरे लिहीत होतो. आता लिहिलं की सहा वर्षं मी मिनिटं मोजली, पण त्या मिनिटांचे पैसे कुठे जातात हे मला दुसऱ्याला विचारावं लागलं, आणि ते मला स्वतःला यायला हवंय. कारखान्याला नावं ठेवली नाहीत. पहिल्या अर्जात ठेवली होती, 'तांत्रिक कामात मर्यादा जाणवतात' अशा सभ्य भाषेत. असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं हा पळतोय, आणि उद्या इथूनही पळेल.

या वेळी मुलाखतीला बोलावलं. समोर तिघं. एकाने निबंध वाचून थेट विचारलं, "कल्पना सेटरची, हिशेब अकाउंट्सचा. मग तुम्ही काय केलंत?"

घसा कोरडा पडला. मग खरं तेच सांगितलं. १८ हजारांच्या त्या ट्रॉलीच्या मंजुरीसाठी मी तीन महिने फाइल घेऊन फिरत होतो. परचेस म्हणायचं बजेटमध्ये नाही, मेंटेनन्स म्हणायचं हे टूल रूमचं काम, टूल रूम म्हणायचं आमच्याकडे माणूस नाही. शेवटी टूल रूमच्या साहेबांची रखडलेली एक डाय दुरुस्ती माझ्या प्लॅनमध्ये पुढे घेतली आणि बदल्यात त्यांच्याकडून स्क्रॅपच्या अँगलमधून पहिली ट्रॉली बनवून घेतली. ती चालतेय हे दिसल्यावर १८ हजारांवर सही झाली. हा भाग मी अर्जात लिहिलाच नव्हता, कारण ती मला हमाली वाटत होती. पुढची वीस मिनिटं ते तिघं फक्त त्यावरच बोलत होते.

आता बाकीचं भराभर. शिफारसपत्र. पहिल्या वर्षी मी प्लांट हेडकडे गेलो, मोठं नाव म्हणून. ते म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." आणलं. अर्ज माझा, शिफारस माझी, शैलीही एकच, कुणालाही कळलं असतं. दुसऱ्या वर्षी माझ्या थेट साहेबांकडे गेलो, टपरीवर चहा पीत त्यांना तीन प्रसंग आठवून दिले आणि पुढचं त्यांच्यावर सोडलं. त्यांनी लिहिलं असणार की हा चिडका आहे. आहेच.

केटी. वेगळ्या निबंधात तीन ओळी : लागली, अभ्यास केला नव्हता, पुढच्या चार सेमिस्टरचे गुण हे. आजारपण, घरची परिस्थिती असली तर जरूर लिहा, नसली तर ओढून आणू नका.

प्रवेश परीक्षा. कॅट द्यायची की जीमॅट हे नोकरीच्या वर्षांवरून ठरवा. दोन वर्षांच्या नेहमीच्या एमबीएला कॅट. ४० मिनिटांचे तीन भाग, आणि पुढे दहावी-बारावीचे गुणही मोजतात, ते आता बदलता येत नाहीत. एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना जीमॅट किंवा जीआरई, आणि तिथे अनुभवाला वजन असतं. आयएसबी या बिझनेस स्कूलच्या पीजीपी अभ्यासक्रमाला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, आयआयएम बंगळूरूच्या ईपीजीपीला पाच वर्षांचा. जीमॅट २०२३च्या शेवटी बदलली. आता ४५ मिनिटांचे तीन भाग, गुण २०५ ते ८०५. त्यामुळे माझ्या वेळच्या लोकांचे आकडे ऐकून घाबरू नका. जुन्या ७०० च्या तोडीला नवे ६४५ च्या आसपास बसतात. आणि अभ्यास इंग्रजीचा करा. गणिताला बसायला आपल्याला आवडतं म्हणून आपण गणितालाच बसतो.

हे सगळं त्या पोराला सांगून झालं. तो गप्प होता. मग म्हणाला, "ते ठीक आहे दादा, पण कोर्स कुठला करू?"

म्हटलं, कोर्स राहू दे. गेल्या चार वर्षांत तू प्रेसवर काय काय बदललंस ते एका कागदावर लिही आणि अकाउंट्समध्ये जाऊन बस.

"तिथे आपल्याला कोण ओळखतं?"

"समोसे घेऊन जा. आणि दहा तारखेनंतर जा. महिन्याचे हिशेब बंद करायच्या, क्लोजिंगच्या दिवसांत गेलास तर समोसे ठेवून घेतील आणि तुला हाकलतील."